चौदा पुस्तकं, एक सुट्टी आणि चाळिसावं पान

पत्र: “माझी मुलगी आठवीची परीक्षा देऊन मोकळी झाली आहे. वय तेरा, शाळा सेमी-इंग्रजी. तिच्या आतेबहिणीने तिला चौदा इंग्रजी पुस्तकांची यादी करून दिली आहे. सगळ्या डिस्टोपियन (भविष्यातल्या जुलमी जगाच्या) नाहीतर फँटसी कादंबऱ्या. ‘सुट्टीत सगळ्या संपवते’ म्हणून तिने ‘द हंगर गेम्स’ हातात घेतलं. दर दोन ओळींना डिक्शनरी, अर्ध्या तासात नऊ पानं, आणि आता चाळिसाव्या पानावर पुस्तक पालथं पडलं आहे. म्हणते, आधी सिनेमा बघते. मी मागचं कव्हर वाचलं, तर मुलांनी मुलांना मारायची गोष्ट! हे तिला द्यावं का? द्यायचं तर कसं? तिच्या दहा वर्षांच्या भावालाही ‘ताईसारखंच’ हवं आहे. — एक आई, सातारा”

ताई,

आधी यादीचा हिशेब करू, म्हणजे निम्मं ओझं इथेच उतरेल. पुस्तकातलं एक भरलेलं पान घ्या, दहा ओळींतले शब्द मोजा, दहाने भागा आणि पानावरच्या ओळींनी गुणा. या प्रकारच्या पेपरबॅकमध्ये साधारण २६० शब्द येतात. अर्ध्या तासात नऊ पानं म्हणजे मिनिटाला ऐंशीच्या आसपास शब्द. तिसऱ्या भाषेत, डिक्शनरी उघडून, हा वेग वाईट अजिबात नाही. पण या कादंबऱ्या लाख-लाख शब्दांच्या असतात. चौदा पुस्तकं म्हणजे चौदा लाख शब्द धरा. मिनिटाला ऐंशीने २९० तास होतात. मे महिन्याची सुरुवात ते जूनचा मध्य अशी पंचेचाळीस दिवसांची सुट्टी, त्यातून आजोळ, दोन लग्नं आणि एक आजारपण असे बारा दिवस वजा केले, तर उरलेल्या तेहतीस दिवसांत रोज जवळजवळ नऊ तास वाचायला लागेल. एवढं वाचन परीक्षेच्या आदल्या आठवड्यातही कोणी करत नाही.

रोज एक तास धरा. सकाळी ऊन चढायच्या आत अर्धा, रात्री जेवण झाल्यावर अर्धा. तेहतीस तासांत तिचे दीड लाखाच्या थोडे वर शब्द होतात. म्हणजे फार तर दोन पुस्तकं, तीही एक लहान असेल तर. यादीतली बारा नावं खोडू नका, फक्त तिच्यासमोर हा हिशेब मांडा आणि दोन निवडायला सांगा. एसटीत किंवा गाडीत वाचायचा वेळ यात धरू नका. घाटात पुस्तक उघडलं की मळमळतं, आणि मग त्या पुस्तकाचाच राग येतो.

आता पुस्तक पालथं का पडलं ते बघू. साध्या कादंबरीत घर, शाळा, बाजार, पोलीस हे सगळं वाचणाऱ्याच्या ओळखीचं असतं. लेखकाने ‘ती रेशनच्या रांगेत उभी होती’ एवढं लिहिलं की चित्र पुरं होतं. डिस्टोपियन आणि फँटसी कादंबरीत ते चित्रच नसतं. देश नवा, सरकार नवं, कायदे नवे, कधी कधी जनावरंही नवी. हे सगळं लेखकाला सांगावं लागतं, आणि तो ते पहिल्या पन्नास-साठ पानांतच दाटीवाटीने सांगतो. वाचणारं मूल मात्र गोष्ट कधी सुरू होते याची वाट बघत तेवढाच भाग भराभर ओलांडायला जातं. तिथे जो नियम हुकतो, त्याच्यामुळे पुढची भांडणं, पळापळ, रडारड कशासाठी चालली आहे तेच कळेनासं होतं. म्हणून तिला एकच गोष्ट पढवायची: नियम सांगितला की वेग कमी कर, पळापळ आली की वेग वाढव. बहुतेक मुलं नेमकं उलटं करतात.

नियम वाचायचा म्हणजे काय करायचं, ते तिच्याच पुस्तकातल्या पहिल्या प्रकरणावर दाखवते. पॅनेम नावाच्या देशात राजधानी सोडून बारा जिल्हे आहेत. दर वर्षी प्रत्येक जिल्ह्यातून बारा ते अठरा वयाचे एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी काढून निवडायची, आणि अशा चोवीस जणांना एका रिंगणात सोडायचं. बाराव्या वर्षी तुमच्या नावाची एक चिठ्ठी, तेराव्या वर्षी दोन, अशी दर वर्षी एकेक वाढत जाते. इथपर्यंत सगळ्यांना सारखंच. पण घरात खायला नसेल, तर जास्तीची एक चिठ्ठी टाकून एका माणसाचं वर्षाचं जेमतेम धान्य आणि तेल मिळवता येतं. घरातल्या प्रत्येक माणसासाठी एक. आणि या जास्तीच्या चिठ्ठ्याही वर्षागणिक साठत जातात.

नायिका कॅटनिस सोळा वर्षांची आहे आणि पुस्तक सांगतं की तिच्या वीस चिठ्ठ्या आहेत. तिचा अठरा वर्षांचा मित्र गेल, त्याच्या बेचाळीस. इथे पुस्तक खाली ठेवून मुलीला कागद-पेन्सिल द्या आणि विचारा, हे आकडे आले कुठून? सोळाव्या वर्षी वयाच्या पाच चिठ्ठ्या. शिवाय ती, आई आणि बहीण अशा तिघींचं धान्य पाच वर्षं, म्हणजे पंधरा. झाल्या वीस. गेलच्या वयाच्या सात, आणि पाच माणसांचं घर सात वर्षं, म्हणजे पस्तीस. बेचाळीस. पाच मिनिटांचं गणित आहे, आठवीच्या मुलीला सहज जमतं. रेशनकार्डावर माणसागणिक धान्य मिळतं हे तिला ठाऊक असेल. इथे त्याच धान्याच्या बदल्यात पोराचं नाव घागरीत पडतं. हे एकदा आकड्यांत उतरलं की चिठ्ठी काढायच्या प्रसंगात ती गर्दीतल्या कोणाकडे बघेल आणि कोणाकडे नाही, ते आपोआप ठरतं. ज्याच्या घरी भरपूर आहे त्याच्या फक्त वयाच्याच चिठ्ठ्या, हेही तिला तिचं तिलाच दिसेल. तुम्ही ‘बघ, किती अन्याय’ वगैरे म्हणायला जाऊ नका.

आता डिक्शनरी. दर शब्दाला डिक्शनरी उघडली की वाक्य तुटतं, आणि या पुस्तकांत तर निम्मे शब्द डिक्शनरीत सापडत नाहीत, सापडले तरी भलताच अर्थ निघतो. वाक्याच्या मधेच मोठ्या अक्षराने सुरू होणारा शब्द, म्हणजे ‘कॅपिटल’, ‘सीम’, ‘हॉब’, ‘पीसकीपर्स’ असे, हे त्या जगाचे शब्द. ते शोधायचे नाहीत. पुस्तकात ठेवलेल्या एका वेगळ्या चिठ्ठीवर लिहायचे, समोर आपला अंदाज टाकायचा आणि पुढे जायचं. लहान अक्षरातला शब्द तीनदा आला आणि तरी अडतोय, तर तो शोधायचा, पण प्रकरण संपल्यावर. एकदाच आलेलं विशेषण, झाडाचं नाव, कापडाचा प्रकार, हे बिनदिक्कत सोडून द्यायचं.

चिठ्ठीसाठी जुनी लग्नपत्रिका उभी कापा. जाड असते, खूण म्हणूनही चालते आणि मागची बाजू बहुधा कोरी असते. शब्द, अंदाज, प्रकरणाचा आकडा, एवढंच पेन्सिलीने. पानाचा आकडा नको, कारण वेगवेगळ्या आवृत्त्यांत पानं वेगळी पडतात आणि मैत्रिणीशी बोलताना घोळ होतो. अंदाज चुकला तर खोडायचा नाही, त्याच्याखाली दुसरा लिहायचा. पहिल्या तीन प्रकरणांत पंधरा-वीस शब्द होतील, नवव्यापर्यंत चिठ्ठी जवळजवळ थांबेल, आणि तिचा वेगही साधारण तिथूनच वाढेल.

शोधायच्या शब्दांत दोन मात्र चुकवू नका. एक ‘रीपिंग’. चिठ्ठ्या काढायच्या दिवसाला पुस्तकात हेच म्हणतात, आणि त्याचा खरा अर्थ कापणी. दुसरा ‘ट्रिब्यूट’, निवडलेल्या मुलांना हा शब्द आहे. डिक्शनरीत याचे दोन अर्थ शेजारी शेजारी मिळतात: मानवंदना आणि खंडणी. राजधानीतले लोक त्यातला पहिला अर्थ मिरवतात, जिल्ह्यातले दुसरा जगतात. चौथीपासून शिवाजी महाराजांच्या इतिहासात खंडणी वाचलेल्या मुलीला हे कोणी समजावून सांगायला नको. इंग्रजीतून वाचणाऱ्या कित्येकांच्या नजरेतून जे निसटतं, ते आपल्याकडच्या मुलीला एका शब्दात मिळतं.

अजून एक अडचण आहे, ती शब्दांची नाही. ही गोष्ट ‘मी’च्या तोंडून आणि वर्तमानकाळात सांगितली आहे: मी उठते, मी बघते, मी धावते. आणि मधेच जुनी आठवण आली की भूतकाळ सुरू होतो. दुसऱ्या प्रकरणात पावसात पाव मिळाल्याची जी आठवण आहे, तिथे हमखास गोंधळ होतो. आत्ता चाललंय की पूर्वी झालं होतं? तिचं चाळिसावं पान याच्याच आगेमागे येतं. क्रियापदाकडे बघ, काळ बदलला की समज ती मागे गेली, एवढं सांगितलं तरी पुरे.

मला विचाराल तर ‘हंगर गेम्स’ दहा दिवस पालथंच राहू द्या. आधी लोइस लोरी यांचं ‘द गिव्हर’ द्या. १९९३ साली आलं, पुढच्या वर्षी त्याला अमेरिकेतलं बालसाहित्याचं न्यूबेरी पदक मिळालं. सुमारे ४३ हजार शब्द, तेवीस आटोपशीर प्रकरणं, वाक्यं सरळ. तिच्या वेगाने नऊ दिवसांचं काम. मग ‘हंगर गेम्स’चे एकवीस दिवस. तेहतीसमधले तीस झाले. मधले तीन दिवस मराठी वाचू द्या. जयंत नारळीकरांच्या ‘यक्षांची देणगी’सारख्या संग्रहातली एकेक विज्ञानकथा एका बैठकीत होते आणि डोक्यालाही जरा हवा लागते. या वयासाठीची डिस्टोपियन कादंबरी मराठीत शोधायला गेलात, तर हाती फार लागणार नाही.

‘गिव्हर’ सोपं आहे, पण हलकं नाही. तिथलं गाव इतकं नीटनेटकं आहे की सुरुवातीला राहायला जावंसं वाटतं. घरटी एक मुलगा आणि एक मुलगी, त्याहून जास्त नाही. आठव्या वर्षी झोपताना जवळ घ्यायचं खेळणं काढून घेतात, नवव्या वर्षी सायकल देतात, बाराव्या वर्षी वडीलधारी मंडळी तुमचं काम ठरवून देतात. नायक जोनासला नवव्या प्रकरणात त्याच्या नव्या कामाचे आठ नियम कागदावर मिळतात, आणि शेवटच्यात लिहिलेलं असतं की तुला खोटं बोलायला परवानगी आहे. तिला तिथे पुस्तक मिटून जरा बसू द्या. जिथे खोटं बोलायलाच बंदी आहे अशा गावात एकाला अशी परवानगी मिळते, तर आणखी कोणाकोणाला मिळाली असेल? जोनासलाही हाच प्रश्न पडतो, पण आधी तिला पडलेला बरा.

या पुस्तकात अडवणारा शब्द अवघड नाही, सोपा आहे: ‘रिलीज’. म्हाताऱ्यांना रिलीज करतात, नियम मोडणाऱ्याला करतात, वजन न भरणाऱ्या बाळालाही करतात. मुलीला वाटेल, सुटका, माहीत आहे की, आणि ती पुढे जाईल. तो शब्द चिठ्ठीवर लिहायला लावा आणि समोरची जागा कोरी ठेवा. दुसरी गंमत सफरचंदाची. तिसऱ्या प्रकरणात जोनास सफरचंद हवेत उडवतो आणि त्यात क्षणभर काहीतरी बदललेलं त्याला दिसतं. काय बदललं, ते बाराव्या प्रकरणात कळतं. ते कळलं की लगेच तिसऱ्या प्रकरणात परत जाऊन ते दीड पान वाचायचं. लेखिकेने किती साधेपणाने काय लपवलं होतं ते तेव्हाच दिसतं. याच कारणासाठी २०१४ चा सिनेमा आधी अजिबात दाखवू नका. तो सुरुवातीलाच अशा रीतीने चित्रित केला आहे की ते गुपित पहिल्या पाच मिनिटांत फुटतं. शिवाय मुलांची वयंही त्यात वाढवली आहेत.

‘हंगर गेम्स’च्या २०१२ च्या सिनेमाबद्दल मी एवढी कडक नाही. पुस्तक झाल्यावर बघितलेला उत्तम. पण ती पुन्हा अडलीच, तर स्पर्धा सुरू होईपर्यंतचा भाग दाखवून बंद करा. चेहरे आणि जागा डोळ्यांसमोर आल्या की वाचताना तेवढा भार हलका होतो. सिनेमात कॅटनिसच्या मनात काय चाललंय ते ऐकू येत नाही, आणि हे पुस्तक मुख्यतः तिच्या मनातच घडतं. कॅमेऱ्यासमोर ती एक वागते, आत दुसरंच मोजत असते.

इथून पुढचा परिच्छेद मुलीला दाखवू नका, गोष्ट फुटेल. मारामारीबद्दल तुम्ही विचारलंत, तर प्रकरणं सांगते. सत्तावीस प्रकरणं आहेत, नऊ-नऊचे तीन भाग. पहिल्या नऊमध्ये रिंगणच नाही. अकराव्यात स्पर्धा सुरू होताच एकदम बरीच मुलं मरतात. चौदाव्यात विषारी गांधीलमाश्यांचा प्रसंग आहे, अंगावर काटा येतो. सतराव्याच्या शेवटी आणि अठराव्यात एका बारा वर्षांच्या मुलीचा मृत्यू आहे, आणि सगळ्यात जास्त रडू तिथे येतं. पंचविसाव्यात शेवटची झुंज, लांबलेली आणि क्रूर. ही पाच प्रकरणं तुम्ही आधी वाचून ठेवा आणि ती रात्रीच्या अर्ध्या तासात येणार नाहीत असं बघा. ‘गिव्हर’मध्ये मारामारी जवळजवळ नाहीच, पण एकोणिसाव्या प्रकरणात नायक आपल्या प्रेमळ बापाला एका तान्ह्या बाळाला शांतपणे इंजेक्शन देताना बघतो. ‘रिलीज’चा अर्थ तिथे कळतो. त्या रात्री तिच्याजवळ बसा. माझ्या मते तेरा वर्षांच्या मुलाला हे एक प्रकरण ‘हंगर गेम्स’च्या सगळ्या रक्तापेक्षा जड जातं, आणि कव्हरवर ते कुठेच दिसत नाही. पाचव्या प्रकरणात वयात येण्याबद्दल एक स्वप्न आणि त्यावर द्यायची गोळी येते. त्यात अश्लील काही नाही, पण ती विचारेल, तेव्हा उत्तर तयार असू द्या.

द्यावं का, या प्रश्नाला माझं उत्तर: ही दोन्ही द्या. ‘हंगर गेम्स’मध्ये मरण खेळासारखं दाखवलेलं नाही. ते खेळासारखं बघणारे प्रेक्षक दाखवले आहेत, आणि वाचणाऱ्याला त्यांचा राग येतो. दोन रात्री नीट झोप लागली नाही, एकटीने खोलीत जायला नको वाटलं, जेवणावरून मन उडालं, तर पुस्तक आठवडाभर बाजूला ठेवायचं. जबरदस्तीने संपवायचं नाही, आणि कपाटात कुलूपबंदही करायचं नाही. कुलूप लावलं की ते फोनवर वाचलं जातं. बोलताना ‘काय शिकलीस?’ हा प्रश्न वर्ज्य. त्याऐवजी पुस्तकातलं काहीतरी नेमकं विचारा. त्या पीसकीपरने, म्हणजे तिथल्या शिपायाने, कॅटनिसची चोरटी शिकार विकत का घेतली? चिठ्ठी काढणाऱ्या बाईच्या कपड्यांचं एवढं वर्णन कशाला? उत्तर तुम्हालाही माहीत नसेल, तर गप्पा आणखी चांगल्या होतील.

रात्रीची भांडणं टाळायची एक युक्ती. ‘हंगर गेम्स’च्या लेखिका सुझन कॉलिन्स आधी मुलांच्या टीव्ही मालिका लिहायच्या, आणि प्रकरण नेमकं कुठे तोडायचं हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. पहिलं प्रकरण संपतं तिथे बहीण असलेली कुठलीही मुलगी दिवा बंद करणार नाही. म्हणून प्रकरणाच्या शेवटी थांबायचंच नाही. पुढच्या प्रकरणात तीन-चार पानं जायचं, ताण जरा सैल झाला की तिथे खूण ठेवायची. हिशेबही जुळतो. एका प्रकरणाला तिला पाऊण तास लागेल, तासातली उरलेली पंधरा मिनिटं पुढच्या प्रकरणाची.

पुस्तक आवडलं की ती लगेच पुढचा भाग मागेल. दुसरा, ‘कॅचिंग फायर’, दिवाळीच्या सुट्टीत चालेल. तिसरा, ‘मॉकिंगजे’, सरळसरळ युद्धाचं पुस्तक आहे: बॉम्ब, छळ, मोडून पडलेली माणसं. ते दोन वर्षांनी. नंतर लिहिलेल्या मागच्या काळातल्या कथा, २०२० ची आणि २०२५ ची, काळाने आधीच्या म्हणून आधी वाचायच्या नाहीत. २००८, २००९, २०१० चे तीन भाग वाचलेत असं धरूनच त्या लिहिल्या आहेत. हाच घोळ नार्नियाच्या संचात होतो. हल्लीच्या संचांवर ‘१’ हा आकडा ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’वर असतो, पण आधी प्रसिद्ध झालं ते १९५० चं ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’, आणि दार उघडायची मजा त्यात आहे. फिलिप पुलमन यांचं ‘नॉर्दर्न लाइट्स’ आणि ‘द गोल्डन कंपास’ हे एकच पुस्तक, ब्रिटिश आणि अमेरिकन नावं वेगळी. यादीत दोन्ही असतील तर एक खोडा, चौदाची तेरा होतील.

यादीत बहुधा ‘डायव्हर्जंट’ आणि ‘द मेझ रनर’ही असतील. ‘मेझ रनर’ची बासष्ट छोटी छोटी प्रकरणं आहेत, ते सोपं वाटतं, पण त्यातल्या मुलांनी स्वतःची शिवराळ बोली बनवली आहे आणि ती पहिल्याच प्रकरणापासून अंगावर येते. तिच्यासारख्या डिक्शनरीवाल्या वाचकाला नको. ‘डायव्हर्जंट’ची भाषा सोपी आहे, मात्र त्यात एका मुलाची आत्महत्या आहे आणि प्रेमप्रकरणही बरंच. आणखी एका वर्षाने. फँटसीतलं खरं सोनं हवं असेल, तर उर्सुला ले ग्विन यांचं १९६८ चं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ पुढच्या मे महिन्यासाठी राखून ठेवा. प्रकरणं दहाच, पण लांब, आणि भाषा जुन्या कथेकऱ्यासारखी संथ. सुरुवातीच्या नकाशाची झेरॉक्स काढायची आणि नायक या बेटावरून त्या बेटावर जाईल तशी पेन्सिलीने रेघ ओढत जायची. त्या रेघेशिवाय सहाव्या प्रकरणानंतर माणूस समुद्रात हरवतो.

पुस्तकं आणायची कुठून? आधी नगर वाचनालयात विचारा. बालविभागात इंग्रजी कमी असलं तरी मोठ्यांच्या कपाटात ही पुस्तकं सापडतात, कारण ग्रंथपाल जाडी बघून लावतात. पुण्याला जाणं झालं तर अप्पा बळवंत चौकात जुनी प्रत मिळेल. किलोवर विकणाऱ्या प्रदर्शनांतही या मालिका असतात, पण बहुधा दुसरा नाहीतर तिसराच भाग हाती लागतो. पदपथावर नवं कोरं पुस्तक फारच स्वस्त मिळालं, तर पैसे द्यायच्या आधी ते उघडून बघा. मागच्या पानाची छपाई पुढे उमटते का, शाई फिकट-गडद आहे का, कडेचे शब्द कापले गेलेत का. आणि पानांचे आकडे सलग आहेत ना, ते शेवटापर्यंत बघा. पुस्तक सोळा किंवा बत्तीस पानांच्या फॉर्मनी बांधतात, त्यामुळे गहाळ होतात ती सोळा नाहीतर बत्तीस पानं एकदम, आणि कळतं नेमकं रिंगणात पोचल्यावर. फोनवरची पीडीएफ नको. चोरीची असते हे तर आहेच, पण अक्षर वाढवलं की ओळ पडद्याबाहेर जाते आणि वरून मेसेज टपकत राहतात. अजून एक उन्हाळ्यातली काळजी: गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा गच्चीत पुस्तक ठेवू नका. डिंकाने चिकटवलेला कणा तापून सैल होतो आणि पानं गळायला लागतात.

राहता राहिला धाकटा. ‘हंगर गेम्स’ त्याच्यासाठी नाही, आणि ‘गिव्हर’ही दोन-तीन वर्षांनी. पण त्याला ‘लहानांचं’ म्हणून वेगळं काही दिलंत तर तो हातही लावणार नाही, तेव्हा मालिकाच द्या. मराठीत वाचायचं असेल तर हॅरी पॉटरचे अनुवाद आहेत. पहिल्या भागात सतराच प्रकरणं आहेत. रोज एक, तुम्ही मोठ्याने वाचलीत तरी चालेल. इंग्रजीचाच हट्ट असेल तर रोशनी चोक्शी यांचं २०१८ चं ‘आरू शाह अँड द एंड ऑफ टाइम’ बघा. अटलांटातल्या एका संग्रहालयात राहणारी बारा वर्षांची मुलगी शाळेतल्या पोरांसमोर बढाई मारते, ती खरी करायला शापित दिवा लावते, आणि काळ गोठतो. पांडवांचे आत्मे आताच्या मुलींमध्ये पुन्हा जन्मले आहेत. आरू इंद्राची मुलगी, तिची जोडीदार मिनी यमधर्माची. महाभारत ऐकलेला मुलगा त्यावरून कोण कोणता पांडव हे लगेच ओळखतो आणि ताईच्या आधी सांगून मोकळा होतो. पहिली साठ पानं त्याला अडवणार नाहीत, कारण इंद्र, अस्त्र, अप्सरा हे त्याचेच शब्द रोमन लिपीत आलेले असतात. त्यालाही लग्नपत्रिकेची एक पट्टी कापून द्या. तिच्यावर अमेरिकन सिनेमांची नावं येतील. ती त्याला कळली नाहीत तरी बिघडत नाही, विनोद तेवढा एक सुटेल.